कचरा, रसायने आणि हवामान: सरकारने आधी कशाला हात घालावा?

प्रश्न असा आहे: सरकारजवळ पैसा मर्यादित आणि प्रशिक्षित माणसे त्याहूनही कमी असताना कचरा व्यवस्थापन, रासायनिक सुरक्षितता आणि हवामानाचे रक्षण यांपैकी अग्रक्रम कशाला द्यावा, आणि एकाला तो दिला तर उरलेल्या दोहोंची हेळसांड होणार नाही का? घनकचरा आणि घातक कचरा या क्षेत्रांत दीर्घकाळ काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की विषयांचा क्रम लावायला जाऊच नये, क्रम लावावा तो कामांचा. तो लावताना खर्च किती येईल, किंवा कोणत्या कामाचा गाजावाजा अधिक होईल, हे मागाहून पाहावे. आधी पाहायचे ते हे की कोणते नुकसान एकदा झाले की भरून काढता येत नाही. तिन्ही खात्यांची कामे या एका कसोटीला लावली की यादी बरीच आखूड होते, आणि तिच्यातील पहिली चार-पाच कामे एकाच वेळी दोन-तीन खात्यांची असल्याचे लक्षात येते.

भंगारात आलेला एखादा जुना फ्रिज घ्या. कचरा खात्याच्या लेखी ती एक अवजड वस्तू आहे, आणि भंगार विकत घेणाऱ्याच्या लेखी ते लोखंड, तांबे व प्लॅस्टिक आहे. फ्रिज फोडणारा कामगार सर्वप्रथम मागचा कॉम्प्रेसर सोडवतो, कारण खरी किंमत त्यालाच येते. त्यासाठी तो पकडीने तांब्याची नळी कापतो, फुस्स असा आवाज येतो आणि काही क्षणांत थांबतो. फ्रिज 1990 पूर्वीचा असेल तर त्या काही क्षणांत शे-दीडशे ग्रॅम सीएफसी-12 हा शीतक (थंडावा देणारा) वायू हवेत गेलेला असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या 10,000 पटींहून अधिक तापवतो. म्हणजे नळी कापताना झालेले उत्सर्जन सुमारे एक ते दीड टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे असते, आणि ओझोनच्या थराचे नुकसान वेगळेच. भिंतीतील फोम फुगवण्यासाठी वापरलेले त्याच कुळातील सीएफसी-11 बहुधा याहून जास्त वजनाचे असते, आणि ते फोम फोडताना व नंतर कचऱ्यात पडून राहिल्यावर हळूहळू सुटते. नंतरच्या पिढीच्या फ्रिजमध्ये एचएफसी-134ए आले. ते ओझोनला धोका पोचवत नाही, पण तापवण्याची त्याची क्षमता 1,400 पटींच्या आसपास आहे. आजच्या बहुतेक नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असते. हवामानाच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपद्रवी आहे. परंतु ते ज्वलनशील असल्याने बंद शेडमध्ये ठिणगी उडणाऱ्या कटरने काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. कॉम्प्रेसरमधील तेल तर बहुधा जमिनीतच मुरते. हवामान रक्षणाच्या खात्याची आकडेवारी, रसायन सुरक्षिततेचे नियम आणि कचरा उचलण्याचे कंत्राट या तीन गोष्टी त्या नळीपाशी एकत्र येतात. तिथे नळी कापण्यापूर्वी वायू सिलिंडरमध्ये ओढून घेणारे साधे यंत्र आहे की नाही, याची जबाबदारी मात्र बहुतेक ठिकाणी तिघांपैकी एकाकडेही नसते.

भरून न येणाऱ्या नुकसानाची कसोटी लावण्यासाठी तिन्ही क्षेत्रांतील काळाचे हिशेब वेगळे आहेत हे समजून घ्यावे लागते. मिथेन, म्हणजे ओला कचरा कुजताना निघणारा वायू, वातावरणात साधारण बारा वर्षे टिकतो. त्याचा परिणाम तीव्र असतो. वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट तापवतो, शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे 28 पट. पण त्याचे उत्सर्जन घटवले की फायदा आपल्याच हयातीत दिसू लागतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके राहतो, म्हणून तिथे दरवर्षीच्या दिरंगाईची बेरीज होत जाते. रसायनांतील जी टिकाऊ द्रव्ये आहेत, म्हणजे पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातील क्लोरीनयुक्त रसायने), काही कीटकनाशके, पीएफएएस कुळातील संयुगे (न चिकटणाऱ्या व न भिजणाऱ्या आवरणांतील फ्लोरीनयुक्त रसायने), ती एकदा माती-पाण्यात पसरली की ती गोळा करून आणण्याची व्यवहार्य पद्धत नाही. शिसे आणि पारा ही तर मूलद्रव्येच आहेत. ती नष्ट होत नाहीत, फक्त जागा बदलतात. यावरून माझा क्रम असा लागतो: टिकाऊ विषे आणि जड धातू पसरू न देणे हे पहिले, मिथेन रोखणे त्याच्या बरोबरीने, कारण त्याला तुलनेने कमी खर्च येतो आणि फळ लवकर मिळते, आणि पुढील पंचवीस-तीस वर्षे कार्बन जाळण्यास बांधून घेणारे करार न करणे हे तिसरे. उरलेले सारे महत्त्वाचे असले तरी त्यानंतरचे.

यांपैकी कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी आपल्याकडे काय, कुठे आणि किती आहे याची नोंद लागते. हे वाक्य प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असते, म्हणून ते कुणी गांभीर्याने घेत नाही. लेबनॉनमधील बैरुतच्या बंदरात 2,750 टन अमोनियम नायट्रेट हे स्फोट होऊ शकणारे रसायन 2014 पासून गोदामात पडून होते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याविषयी पत्रे लिहिली होती, म्हणजे माहिती कागदावर होती. 4 ऑगस्ट 2020 रोजी त्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे गेली. त्याआधी 12 ऑगस्ट 2015 रोजी चीनमधील त्यांजिन बंदरावरील रसायनांच्या गोदामात स्फोट झाले. मृत आणि बेपत्ता मिळून 173 जणांत निम्म्याहून अधिक अग्निशमन दलाचे होते; आत काय आणि किती साठवले आहे याची नेमकी कल्पना त्यांना नव्हती. या दोन घटनांवरून मला नोंदवहीविषयी दोन अटी घालाव्याशा वाटतात. पहिली, साठ्याची नोंद अग्निशमन दलाला त्याच क्षणी पाहता आली पाहिजे. वर्षातून एकदा भरलेला तक्ता दुसऱ्या कार्यालयातील कपाटात असून उपयोग नाही. दुसरी, बेवारस किंवा मुदतबाह्य साठा दिसताच तो हलवण्याचा वा नष्ट करण्याचा आदेश देणारा अधिकारी पदनामासह ठरलेला असावा, आणि त्यासाठीचा खर्च आधी सरकारी तिजोरीतून करून नंतर मालकाकडून वसूल करण्याची तरतूद असावी. खर्च कुणी करायचा हा वाद मिटेपर्यंत साठा तसाच राहतो, आणि बहुतेक दुर्घटनांची पूर्वपीठिका तीच असते.

साठा मागे टाकून दिल्यावर काय होते याचे उदाहरण भोपाळचे आहे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूची गळती झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कारखान्याच्या आवारात उरलेला सुमारे 337 टन घातक कचरा तिथून हलवला गेला तो जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. तो जाळण्यासाठी मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला नेला तेव्हा तिथल्या लोकांनी तीव्र विरोध केला, आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती. घातक कचऱ्याच्या बाबतीत जितका उशीर होतो तितका लोकांचा विश्वास आटत जातो, आणि विश्वास आटला की शास्त्रीयदृष्ट्या योग्य असलेला उपायही राबवता येत नाही. म्हणून जुने साठे, कालबाह्य कीटकनाशके आणि पीसीबी असलेले ट्रान्सफॉर्मरचे तेल हे पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात यावे, असा माझा आग्रह असतो. हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, पण ते पुढे ढकलल्याची किंमत आणखी दोन पिढ्या मोजतात.

आता ओल्या कचऱ्याकडे येतो, कारण हवामानाच्या दृष्टीने नगरपालिकेच्या हातात असलेले सर्वांत मोठे साधन तेच आहे आणि त्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आहेत. जागतिक बँकेच्या 2018 च्या अहवालानुसार जगात 2016 मध्ये सुमारे 201 कोटी टन नागरी घनकचरा निर्माण झाला, त्यात अन्न आणि हिरवा कचरा 44 टक्के होता, आणि एकूण कचऱ्यापैकी किमान एक तृतीयांश उघड्यावर टाकला वा जाळला जात होता. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सेंद्रिय भागाचे प्रमाण निम्म्याहून जास्त असते. हा कचरा ढिगात दाबला गेला की काही आठवड्यांत आतला प्राणवायू संपतो आणि पुढे वर्षानुवर्षे मिथेन निघत राहतो. माणसाच्या व्यवहारांतून निघणाऱ्या मिथेनपैकी सुमारे एक पंचमांश कचरा आणि सांडपाणी यांतून येतो. ग्लासगो येथे 2021 मध्ये जाहीर झालेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत 2030 पर्यंत 2020 च्या तुलनेत मिथेन 30 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ओला कचरा ढिगापर्यंत जाऊच न देणे.

इथे बहुतेक सरकारे यंत्रापासून सुरुवात करतात, आणि तिथेच काम फसते. मिश्र कचऱ्यावर खतप्रकल्प उभारला तर त्यातून बाहेर पडणाऱ्या खतात काचेचे कण, प्लॅस्टिकचे तुकडे आणि सेल, दिवे, रंग यांतून आलेले शिसे व कॅडमियम असते. असे खत मुठीत घेतले की शेतकऱ्याला चाळणी लावायची गरज पडत नाही. हाताला काच टोचते आणि तो पुन्हा फिरकत नाही. खताला गिऱ्हाईक नाही म्हणून प्रकल्प बंद पडतो, आणि नोंद अशी होते की कंपोस्टचे तंत्र अयशस्वी ठरले. तंत्रात खोट नसते. ओला कचरा वेगळा आला, कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण 25 ते 30 ला एक राखले, ओलावा 50 ते 60 टक्के ठेवला, ढीग वेळेवर परतला आणि आतील तापमान काही दिवस 55 अंशांवर राहिले, तर चांगले खत होतेच. बायोगॅसचेही तसेच आहे. पाचक टाकीत वाळू आणि प्लॅस्टिक गेले की पंप आणि ढवळणी बंद पडते आणि जंतूंना दोष दिला जातो. म्हणून ओल्या कचऱ्यासाठी पहिला पैसा यंत्रावर न लावता घरोघरचे वर्गीकरण, वेगळे वाहन आणि त्या वाहनाचा नेमका वेळ यांवर लावावा. लोकांनी घरी वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र ओतला जाताना एकदा पाहिला की वर्गीकरणाची सवय मोडते, आणि ती पुन्हा लावायला पहिल्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. दक्षिण कोरियाने 1995 मध्ये कचऱ्याच्या आकारमानानुसार शुल्क लावले, 2005 मध्ये अन्नकचरा थेट भरावभूमीत (कचरा पुरण्याच्या जागेत) टाकण्यावर बंदी आणली आणि पुढे अन्नकचऱ्याचे वजनानुसार शुल्क घेण्याची पद्धत रुजवली. आज तिथला बहुतांश अन्नकचरा खत, पशुखाद्य किंवा बायोगॅसकडे वळतो. या क्रमातील टप्प्यांमधले अंतर मला महत्त्वाचे वाटते: आधी कचरा मोजण्याची आणि वेगळा ठेवण्याची सवय, मग पर्यायी व्यवस्था, आणि त्यानंतर बंदी. बंदी आधी आणि व्यवस्था नंतर असा उलटा क्रम लावला की कचरा नाल्यात जातो.

जुन्या कचराभूमींचे काय करायचे हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. त्या हवामानासाठी घातक आहेतच, पण त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी त्याहून अधिक घातक आहेत. मार्च 2017 मध्ये इथिओपियातील अदिस अबाबाच्या कोशे येथे आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलंबोजवळच्या मीतोटमुल्ल येथे कचऱ्याचे डोंगर घरांवर कोसळले. कोशे येथे शंभराहून अधिक माणसे दगावली. डोंगराच्या उताराचा कोन, आत साचलेले पाणी आणि पायथ्यापासून वस्तीचे अंतर या तीन गोष्टी मोजायला कोणतेही महागडे तंत्रज्ञान लागत नाही. ही मोजणी पहिल्या पावसाळ्यापूर्वी व्हावी, आणि धोका दिसेल तिथे उतार सौम्य करणे, पाणी काढून देणे व लोकांचे सन्मानाने पुनर्वसन करणे ही कामे वायुसंकलनाच्या प्रकल्पाआधी व्हावीत.

ढिगाला लागणाऱ्या आगीही याच कामात येतात. आग पृष्ठभागावर दिसत नाही तेव्हा ती जास्त धोक्याची असते. भेगांतून पांढरा धूर निघतो, काही ठिकाणी जमीन बुटातूनही गरम लागते, आणि एखादा भाग एकाएकी खचतो. अशा वेळी बंबाने पाणी मारणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते, पण पाणी ज्या वाटेने आत शिरते त्याच वाटेने हवाही शिरते. आग तशीच राहते आणि खालून काळे, उग्र गळतीचे पाणी मात्र अनेक पटींनी वाढून विहिरींकडे जाते. अनुभवी माणसे जळता भाग यंत्राने खोदून बाजूला पातळ थरात पसरवतात, त्यावर माती मिसळून थंड करतात, आणि उरलेल्या ढिगावर मातीचा जाड थर दाबून हवा तोडतात. रोजच्या रोज मातीचा थर टाकला तर मुळात बहुतेक आगी लागत नाहीत. जिथे वायू ओढून घेण्याच्या नळ्या परवडत नाहीत, तिथे ढिगावर परिपक्व खताचा वा सच्छिद्र मातीचा थर दिला तरी त्यातील जंतू बाहेर पडणाऱ्या मिथेनचा बराचसा भाग पचवतात. उघड्यावर कचरा जाळण्यास आळा घालणे हे तर तिन्ही खात्यांना एकाच खर्चात फळ देणारे काम आहे: काजळी कमी झाली की हवा सुधारते आणि तापमानवाढीला हातभार लागत नाही, आणि पीव्हीसीसारखे क्लोरीन असलेले प्लॅस्टिक कमी तापमानात जळण्यामुळे तयार होणारी डायॉक्सिने ही अतिविषारी संयुगेही घटतात.

मग कचरा नीट भट्टीतच का जाळू नये, असे विचारले जाते. कचऱ्यापासून वीज या कल्पनेला माझा सरसकट विरोध नाही, पण अल्प निधी असलेल्या सरकारने ती पहिल्या पाच वर्षांत हाती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे पहिले कारण भौतिक आहे. भट्टी स्वतःच्या बळावर नीट चालायची तर कचऱ्याचे उष्मांकमूल्य (जळताना मिळणारी उष्णता) सरासरी किलोमागे 7 मेगाज्यूलच्या खाली जाऊन चालत नाही, आणि ओल्या, मिश्र कचऱ्यात ते पावसाळ्यात सहज घसरते. मग वरून इंधन घालावे लागते. युरोपीय नियमांनुसार जळलेले वायू किमान 850 अंशांवर दोन सेकंद राहणे बंधनकारक आहे. एवढे करूनही धूर थंड होताना सुमारे 200 ते 450 अंशांच्या पट्ट्यात डायॉक्सिने पुन्हा तयार होऊ शकतात, म्हणून धूरशुद्धीकरणाची यंत्रणा भट्टीइतकीच काटेकोर चालवावी लागते, आणि तिथे साचणारी बारीक राख स्वतःच घातक कचरा असते. तिच्यासाठी सुरक्षित भरावभूमी आहे का, हा प्रश्न निविदेत मी क्वचितच पाहिला आहे. दुसरे कारण कराराचे आहे. अशा प्रकल्पांचे करार वीस-पंचवीस वर्षांचे असतात आणि त्यांत रोज अमुक टन कचरा पुरवण्याची, न पुरवल्यास भरपाई देण्याची अट असते. ज्या शहराने कचरा कमी करायचे ठरवले त्यालाच अशी अट दंड करते. शिवाय भट्टीत जळणारे प्लॅस्टिक हे खनिज तेलच असल्यामुळे त्याचा कार्बन डायऑक्साइड हवामानाच्या हिशेबात धरावाच लागतो. विजेचे जाळे जसजसे स्वच्छ होत जाते तसतशी ही वीज तुलनेने अधिक कार्बनची ठरते. ओला कचरा पूर्णपणे वेगळा निघू लागला, पुनर्चक्रण होण्याजोगे साहित्य बाजूला झाले आणि त्यानंतरही काही भाग उरला, तर त्या उरलेल्या भागापुरती भट्टी मोजूनमापून बांधावी.

पुनर्चक्रणाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि धोरणे लिहिणारे तिच्यावरून भराभर पुढे जातात म्हणून तिथे थोडे थांबतो. वस्तूचे आयुष्य संपते तेव्हा तिच्यात घातलेली रसायने संपत नाहीत. जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या आणि संगणकांच्या काळ्या प्लॅस्टिक आवरणांत आग पसरू नये म्हणून ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक घातलेले असत. त्यांपैकी अनेक आता टिकाऊ प्रदूषकांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराखाली बंद झाले आहेत. त्यांतलेच डेकाबीडीई 2017 मध्ये या कराराच्या यादीत आले. पण ते प्लॅस्टिक दळून त्याचे दाणे झाले की त्यांचा इतिहास कुणाला दिसत नाही, आणि तेच ज्वालारोधक पुढे काळ्या रंगाच्या खेळण्यांत आणि स्वयंपाकाच्या साधनांत आढळले आहेत. चक्राकार अर्थव्यवस्थेचे उद्दिष्ट टक्क्यांत मोजायचे आणि त्या चक्रात काय फिरते आहे हे पाहायचे नाही, तर आपण विषाला दुसरे आयुष्य देत असतो. यावर उपाय आहेत. ब्रोमीन असलेले तुकडे घनतेवरून खाऱ्या पाण्यात वा तत्सम द्रवात बुडवून वेगळे काढता येतात, हातात धरायच्या एक्स-रे उपकरणाने काही सेकंदांत ब्रोमीनची खूण पटते, आणि वेगळा काढलेला भाग नष्ट करणे हे त्या प्लॅस्टिकच्या बाबतीत पुनर्चक्रणापेक्षा योग्य ठरते. सरकारने पुनर्चक्रणाच्या उद्दिष्टात असा नष्ट केलेला भाग तूट म्हणून धरू नये. तो यश म्हणून धरावा. त्याहून मूलभूत उपाय म्हणजे वस्तू बनतानाच तिच्यातील रसायनांची माहिती पुढे पोचवणे. युरोपीय संघाच्या रसायनांविषयीच्या रीच नियमावलीने 2007 पासून माहिती दिल्याशिवाय रसायनाला बाजारपेठ नाही हे तत्त्व लागू केले. सिद्ध करण्याचा भार त्यामुळे सरकारवरून उत्पादकावर गेला. लहान देशांना स्वतःची प्रयोगशाळा उभी करायला वेळ लागेल, पण ही माहिती मागण्याचा अधिकार कायद्यात घालायला प्रयोगशाळा लागत नाही.

शिशाविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण यात मुलांच्या मेंदूचा प्रश्न आहे आणि झालेली हानी परत फिरवता येत नाही. पेट्रोलमधील शिसे हटवण्याचे काम जगाने पूर्ण केले. अल्जीरियात जुलै 2021 मध्ये शेवटची विक्री थांबली. हे यश दाखवते की नेमके एक द्रव्य, पर्यायाची उपलब्धता आणि ठाम मुदत असेल तर जागतिक बंदी प्रत्यक्षात येते. परंतु आता शिशाचा मोठा स्रोत वापरलेल्या बॅटऱ्यांचे अनौपचारिक पुनर्चक्रण हा आहे. बॅटरी कुऱ्हाडीने फोडायची, आम्ल जमिनीवर ओतायचे, शिशाच्या पट्ट्या उघड्या भट्टीत वितळवायच्या, आणि कामाचे कपडे घालूनच घरी जायचे, असा तो उद्योग असतो. कपड्यांवरची धूळ घरातल्या रांगत्या मुलाच्या हाताला आणि तिथून तोंडात जाते. अशा ठिकाणी धाड घालून भट्टी मोडली तर ती दोन गल्ल्या पलीकडे पुन्हा पेटते, कारण जुन्या बॅटरीला तिथे रोख भाव मिळतो. परवानाधारक कारखान्याला सुरक्षिततेचा खर्च असल्याने तेवढा भाव देता येत नाही. म्हणून नवी बॅटरी विकताना अनामत रक्कम घेणे आणि जुनी परत आणल्यावर ती देणे ही व्यवस्था, तसेच औपचारिक कारखान्यांवरील करात सवलत, यांचा परिणाम धाडींपेक्षा टिकाऊ असतो. जे लोक आज हे काम करतात त्यांना संकलनाच्या साखळीत रोजगार द्यायला हवा. कचरावेचकांच्या बाबतीतही मी हेच म्हणेन. त्यांना बाजूला सारून काढलेली कंत्राटे महाग पडतात, आणि त्यांच्याकडे असलेले साहित्याचे ज्ञान कोणत्याही कंत्राटदाराकडे नसते.

आंतरराष्ट्रीय करारांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत आहेत. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीसाठी 1989 चा बाझल करार आहे. त्यात प्लॅस्टिक कचऱ्याविषयीच्या दुरुस्त्या 2021 पासून आणि सर्व ई-कचऱ्याला पूर्वसंमतीच्या कक्षेत आणणाऱ्या दुरुस्त्या 1 जानेवारी 2025 पासून लागू झाल्या. घातक रसायनांच्या व्यापारासाठी रॉटरडॅम, टिकाऊ प्रदूषकांसाठी स्टॉकहोम, पाऱ्यासाठी मिनामाता आणि शीतक वायूंसाठी माँट्रियल शिष्टाचाराची 2016 ची किगाली दुरुस्ती आहे. सही करण्यात बहुतेक सरकारे मागे राहत नाहीत. करारांचे खरे मोल बंदरावर ठरते: वापरलेल्या वस्तू म्हणून जाहीर केलेल्या कंटेनरमध्ये चालू स्थितीतील उपकरणे आहेत की भंगार, हे ओळखू शकणारा सीमाशुल्क अधिकारी तिथे हजर असणे, आणि कंटेनर परत पाठवेपर्यंत तो ठेवायला सुरक्षित जागा असणे. या दोन बाबींवरचा खर्च मी कोणत्याही जनजागृती मोहिमेच्या आधी मांडेन.

शेवटचा मुद्दा पैसा आणि यंत्रणा यांचा आहे. अल्प उत्पन्नाच्या देशांत नगरपालिकांच्या अंदाजपत्रकाचा सरासरी पाचवा भाग कचऱ्यावर जातो, आणि त्यातला बराचसा उचल आणि वाहतूक यांतच संपतो. प्रक्रियेला काही उरत नाही. त्यामुळे उत्पादकाकडून येणारा निधी अपरिहार्य आहे. पॅकेजिंग, विद्युत उपकरणे, बॅटऱ्या, दिवे आणि शीतक वायू असलेली यंत्रे बाजारात आणणाऱ्याने त्यांच्या अंतिम विल्हेवाटीचा खर्च विक्रीच्या वेळीच भरावा, आणि वस्तू सहज सुटी होणारी व घातक द्रव्यांपासून मुक्त असेल तर शुल्क कमी असावे. कचरा उचलल्याच्या प्रमाणपत्रांच्या खरेदीविक्रीवर चालणारी व्यवस्था असेल तर तिची तपासणी वजनकाट्यावर व्हावी, कागदावर नव्हे. नाहीतर न उचललेल्या प्लॅस्टिकची प्रमाणपत्रे विकली जातात. तीन मंत्रालये एकत्र करण्याची मागणी वारंवार होते. मला तिची गरज वाटत नाही. नोंदवही एक, तपासणीचे पथक एक आणि त्याचे अहवाल लोकांना पाहता येण्याजोगे, एवढे झाले तरी पुरे. तपासनीसांची पदे रिकामी ठेवून नवे नियम काढण्याचा मोह मात्र प्रत्येक सरकारने आवरावा. एका जिल्ह्यात नियमित फिरणारे, नमुने घ्यायला शिकलेले आणि बदलीच्या भीतीपासून सुरक्षित असलेले चार तपासनीस जे करतात ते कोणतीही अधिसूचना करू शकत नाही.

आणि नव्या भरावभूमीला, रसायनांच्या मोठ्या गोदामाला किंवा घातक कचऱ्याच्या प्रकल्पाला परवाना देताना बंद करण्याचा खर्च त्याच वेळी सुरक्षित खात्यात जमा करून घ्यावा. युरोपीय संघाच्या 1999 च्या निर्देशाने भरावभूमीच्या दरात बंद केल्यानंतरच्या किमान तीस वर्षांच्या देखभालीचा अंदाजित खर्च धरणे बंधनकारक केले आहे. गळतीचे पाणी आणि वायू ढीग बंद झाल्यावर थांबत नाहीत, पण चालवणारी संस्था तोवर अनेकदा विसर्जित झालेली असते. ही रक्कम परवान्याच्या अर्जासोबत घेतली तर प्रकल्पाचा खरा दर पहिल्या दिवशीच कळतो, आणि कचरा कमी करणे किंवा रसायन बदलणे हे त्याहून स्वस्त आहे का, याचा हिशेब अर्जदार स्वतःच करू लागतो.